निवृत्तीला एकोणीस दिवस असताना दोषारोपपत्र. बाबांनी आरोप मान्य करून मोकळं व्हावं का?

कन्नमवारनगरची मुलगी:

नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणी सल्ला तरी कसा देणार.

माझे बाबा मुंबईतल्या एका शासकीय कार्यालयातून ३१ मे २०२१ला अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. तेहतीस वर्षं नोकरी, सेवापुस्तकात एक साधी ताकीदसुद्धा नाही. १२ मे २०२१ला, कोरोनाच्या कडक निर्बंधांत, त्यांच्याच ऑफिसचा शिपाई वांद्र्याच्या सरकारी वसाहतीतल्या आमच्या घरी आला. दाराबाहेर उभं राहून त्याने पाकीट दिलं आणि पोच म्हणून सही घेतली. आईला वाटलं, निरोप समारंभ होणार नाही म्हणून ऑफिसने काही पाठवलं असेल. आत दोषारोपपत्र होतं.

आरोप असा की एप्रिल २०१६ ते फेब्रुवारी २०१७ या काळात नकलांच्या फीचे ८६,४०० रुपये पावती पुस्तकाप्रमाणे जमा झाले, पण सरकारी खात्यात भरले गेले नाहीत. रोखवही बाबा लिहायचे, म्हणून जबाबदार बाबा.

बाबा सांगतात ते असं. रोजची रोकड संध्याकाळी साहेबांच्या कपाटात जायची, कारण किल्ली साहेबांकडे असायची. भरणा कधी करायचा तेही साहेबच ठरवायचे. बाबांनी दोनदा लेखी टिप्पणी ठेवली होती की भरणा बाकी आहे, आदेश व्हावेत. दोन्ही वेळा साहेबांनी खाली नुसती आद्याक्षरं केली. ती नस्ती, म्हणजे फाइल, आता सापडत नाही, असं ऑफिस सांगतं. साहेब ३० जून २०१८ला निवृत्त झाले, निवृत्तीचे सगळे पैसे घेऊन घरी गेले. लेखापरीक्षणाचा आक्षेप आला २०१९मध्ये. तेव्हापासून दोन वर्षं तो कागद कोणाच्या तरी टेबलावर पडून होता.

निवृत्तीनंतर बाबांचा भविष्य निर्वाह निधी आणि गट विम्याचे पैसे आले. दरमहा तात्पुरतं निवृत्तिवेतन मिळतं. पण साधारण दहा लाखांची ग्रॅच्युइटी थांबलेली आहे, अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं) नाही आणि शिल्लक रजेचे पैसेही नाहीत. सरकारी घर सोडावंच लागलं. बदलापूरला घर घ्यायचं ठरलं होतं, त्यासाठी भरलेले बुकिंगचे पैसे बुडाले. आता विक्रोळीत कन्नमवार नगरात अठरा हजार भाड्याने राहतो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन माझ्या पतपेढीतून कर्ज काढून केलं.

साडेचार वर्षांत चौकशीच्या मोजून सहा तारखा झाल्या. चौकशी अधिकारी दोनदा बदलले. आणि आता आस्थापना शाखेतून तोंडी निरोप येतोय: "एक पानभर लिहून द्या की आरोप मान्य आहेत. पेन्शनमधून वर्ष-दोन वर्षं थोडी कपात होईल, बाकी सगळं मोकळं होईल."

आई म्हणते द्या लिहून, आपण किती दिवस असे काढायचे. बाबा काहीच बोलत नाहीत. मागच्या रविवारी मी विषय काढला तर चप्पल घालून खाली निघून गेले, दोन तासांनी आले आणि म्हणाले, "चोरी केली असं माझ्या हाताने कसं लिहू?"

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे लिहून द्यावं का? आणखी किती वर्षं असं लटकत ठेवता येतं? आणि त्या साहेबांना आता कोणीच काही विचारू शकत नाही का? तिसरा प्रश्न पैशाचा नाही, पण मला रात्री झोप लागत नाही तो त्याच्यामुळे.

---

मुलुंडचा निवृत्त कक्ष अधिकारी:

ताई, मी मंत्रालयात चौकशीच्या नस्त्या हाताळण्यात बारा वर्षं काढली. दोषारोपपत्र पाहिल्याशिवाय पक्कं मत देता येत नाही, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. बाबांनी केलं नसेल तर अजिबात लिहून देऊ नये.

कारण भावनेचं नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यातला नियम २७ वाचा. सेवेतलं गंभीर गैरवर्तन किंवा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर पेन्शन पूर्ण किंवा अंशतः, ठरावीक काळासाठी किंवा कायमची रोखता येते. शिवाय शासनाचं झालेलं नुकसान त्याच पेन्शनमधून वसूल करता येतं. काही भागच रोखला तर उरलेली रक्कम किमान पेन्शनच्या खाली आणता येत नाही, एवढंच संरक्षण आहे. आरोप मान्य केला की सिद्ध करायला काही उरत नाही. किती कापायचं आणि किती वर्षं, हे आदेश काढणारा ठरवतो. आस्थापना शाखेतला माणूस ज्याला 'थोडी कपात' म्हणतो ती त्याच्या हातात नसते. उद्या कायमची कपात झाली तर तो निरोप दिला होता हे कोण मान्य करणार?

आता ग्रॅच्युइटी का अडली ते सांगतो. निवृत्तीच्या दिवशी विभागीय किंवा न्यायालयीन कार्यवाही चालू असेल तर नियम १३० लागतो. तात्पुरती पेन्शन मिळते, आणि ती पूर्ण पेन्शनएवढीच असते. ती कमी मिळत असेल तर ताबडतोब लेखी विचारा. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मात्र अंतिम आदेश होईपर्यंत देत नाहीत. कार्यवाही चालू असताना अंशराशीकरणही करता येत नाही. म्हणजे या दोन गोष्टी अडवणं नियमातच आहे, त्यावर भांडून वेळ घालवू नका. रजेच्या पैशांचं तसं नाही. चौकशीतून वसुली निघण्याची शक्यता असेल तर ते पूर्ण किंवा काही प्रमाणात रोखता येतात. आरोप ८६,४०० रुपयांचा आहे. तेवढे ठेवून बाकीचे द्या, असा अर्ज करा. हा अर्ज बहुतेक जण करतच नाहीत.

साहेबांबद्दलचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. माणूस निवृत्त झाल्यावर त्याच्याविरुद्ध नव्याने विभागीय चौकशी सुरू करायची असेल तर मंजुरी लागते, आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही. चौकशी सुरू झाली असं धरतात ते दोषारोपपत्र दिल्याच्या तारखेपासून. तुमच्या प्रकरणात शेवटची घटना फेब्रुवारी २०१७ची, म्हणजे साहेबांविरुद्धची मुदत फेब्रुवारी २०२१ला संपली. बाबांना दोषारोपपत्र मिळालं मे २०२१मध्ये. बाबा तेव्हा सेवेत होते, आणि सेवेत असलेल्याला ही चार वर्षांची मर्यादा लागू नाही. म्हणून एकाच कपाटातल्या पैशासाठी एक जण सुटला आणि दुसरा अडकला.

आक्षेप २०१९ला आला हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. त्या दिवशी दोघांवरही कारवाई करायला वेळ होता. महाराष्ट्रात बदल्यांच्या आणि दप्तर दिरंगाईच्या २००५च्या कायद्यात कलम १० आहे. सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती कुठल्याही कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, आणि जाणूनबुजून केलेली दिरंगाई ही शिस्तभंगाची बाब आहे. ती दोन वर्षं नस्ती कोणाकडे होती हे माहितीच्या अधिकारात मागा. नुसतं 'नस्तीची प्रत द्या' असं लिहू नका. आक्षेप कोणत्या तारखेला आवक झाला, त्यानंतर कोणाकडून कोणाकडे गेला आणि प्रत्येकाकडे किती दिवस राहिला, ते विचारा.

टिप्पण्यांची नस्ती सापडत नाही म्हणतात ना, ते लेखी घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. 'सापडत नाही' हे कागदावर लिहायची वेळ आली की पुष्कळ नस्त्या सापडतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

---

लालबागकर:

मी दुसऱ्या बाजूने लिहितोय, राग मानू नका.

वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी माझ्या आईला एका कार्यालयात अकरा महिने हेलपाटे घालावे लागले. तिथला एक कर्मचारी सरळ पंधरा हजार मागत होता. शेवटी वरळीला लाचलुचपत प्रतिबंधक विभागात तक्रार केली. सापळा लावला आणि तो पैसे घेताना सापडला. ही २०१९ची गोष्ट. पुढे तो निवृत्त झाला. खटला अजून चालू आहे, आणि दर महिन्याला त्याच्या खात्यात पेन्शन जमा होते. आई आता अडुसष्ट वर्षांची आहे. साक्षीसाठी चार वेळा कोर्टात गेली, दोनदा तारीख पुढे गेली म्हणून परत आली. मला विचारते, "तो सुटला काय रे?"

ताई, तुमच्या वडिलांवर अन्याय होत असेल तर मला खरंच वाईट वाटतं. पण 'निवृत्त माणसाला त्रास देऊ नका' असं कोणी म्हणायला लागलं की माझ्या आईचा चेहरा समोर येतो. कक्ष अधिकारी साहेब, हा माणूस दोषी ठरला तर पेन्शन जाते का, एवढंच सांगा.

---

मुलुंडचा निवृत्त कक्ष अधिकारी:

जाऊ शकते. खटला निकाली निघेपर्यंत त्यालाही तात्पुरती पेन्शनच मिळते, उपदान अडकलेलं असतं. शिक्षा झाली तर नियम २७खाली पेन्शन रोखता किंवा काढून घेता येते. पण ते आपोआप होत नाही, त्यासाठी स्वतंत्र आदेश काढावा लागतो. निकालाची प्रत त्याच्या जुन्या कार्यालयाला पोचली का, हे बघायला बहुतेक वेळा कोणी नसतं. निकाल लागला की प्रमाणित प्रत घ्या आणि त्या कार्यालयाच्या टपाल शाखेत स्वतः द्या.

तुमच्या आईंना सांगा, तो सुटलेला नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ला दुरुस्ती झाली, खटले दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा असं त्यात आहे. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही भोगताच आहात. सरकारी वकिलांना भेटून, साक्षीदार वयस्कर आहे म्हणून साक्ष लवकर घ्या, असा अर्ज कोर्टापुढे ठेवायला सांगा.

---

सांताक्रूझ पूर्व, निवृत्त:

ताई, तुमच्या बाबांच्या जागी मी होतो. राज्य शासनाच्या एका विभागात स्थापत्य अभियांत्रिकी सहायक होतो. एका रस्त्याच्या मोजमाप पुस्तकावरून २०१४ला चौकशी लागली, मी २०१६ला निवृत्त झालो, आणि निर्दोष असल्याचा आदेश हातात पडला २०१९ला. मुलीचं लग्न त्या तीन वर्षांत झालं. मांडवात माझेच सहकारी माझ्याशी दोन शब्द बोलून लांब सरकत होते, ते अजून आठवतं.

मलाही तसाच निरोप आला होता. मीही जवळजवळ लिहून दिलं होतं. बायकोने कागद काढून घेतला.

काय उपयोगी पडलं ते सांगतो. प्रत्येक तारखेला हजर राहिलो आणि त्या दिवशीच्या रोजनाम्याची, म्हणजे कामकाजाच्या नोंदीची, प्रत मागून घेतली. चौकशी अधिकारी आले नाहीत, ऑफिसची बाजू मांडणारे सादरकर्ता अधिकारी आले नाहीत, साक्षीदाराला समन्सच गेलं नाही, हे सगळं त्यांच्याच कागदावर नोंदवलं गेलं. पुढे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, उशीर कोणामुळे झाला हे वेगळं सिद्ध करावं लागलं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा प्रेमनाथ बाली प्रकरणातला २०१५चा निकाल आहे. विभागीय चौकशी शक्यतो सहा महिन्यांत आणि फार तर वर्षभरात संपवावी, असं त्यात म्हटलंय. मॅटने माझ्या प्रकरणात मुदत घालून दिली आणि मग जे पाच वर्षांत झालं नव्हतं ते चार महिन्यांत झालं.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. बचाव सहायक, म्हणजे चौकशीत आपली बाजू मांडणारा, म्हणून मी जवळचा मित्र घेतला. तो प्रेमाने आला, पण त्याला उलटतपासणी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. चौकशीचं काम केलेला निवृत्त माणूस शोधा. आणि साहेबांना साक्षीदार म्हणून बोलवा! त्यांच्यावर चौकशी लावता येत नसेल, पण बचावाचा साक्षीदार म्हणून त्यांचं नाव देता येतं. आले नाहीत तर तेही रोजनाम्यात येतं. कपाटाची किल्ली कोणाकडे होती, हा एकच प्रश्न त्यांना समोर बसवून विचारायचा.

---

कन्नमवारनगरची मुलगी:

तुम्हा सगळ्यांची उत्तरं मी काल रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. लालबागकर, तुमचंही वाचलं. बाबा म्हणाले, त्या माणसाला सांग की त्याची आई बरोबर आहे, लाच घेणाऱ्याला सोडू नये. आमच्या ऑफिसात नकलेसाठी रांगेत उभी राहणारी म्हातारी माणसं त्यांना आठवली. आणि खरं सांगू का, मलाही तेच वाटतं. माझ्या बाबांची चौकशी होऊ नये असं मी म्हणतच नाही. झाली असती वेळेवर, २०१९लाच, तर साहेब आणि बाबा दोघं एका टेबलासमोर बसले असते आणि खरं काय ते तेव्हाच कळलं असतं. तुमच्या आईंना ज्या उशिराने थकवलं त्याच उशिराने इथे साहेबांना सोडवलं.

एक नवीन गोष्ट निघाली. 'नस्ती' हा शब्द मी वाचला तेव्हा बाबा उठले आणि कपाटावरची पत्र्याची पेटी काढली. त्यात त्यांच्या खिशातल्या डायऱ्या आहेत, वर्षाला एक. २०१६च्या डायरीत ऑगस्टच्या आणि डिसेंबरच्या पानावर बारीक अक्षरात दोन्ही टिप्पण्यांच्या तारखा आहेत, आणि पुढे हालचाल नोंदवहीचा, म्हणजे नस्ती कोणाकडून कोणाकडे गेली ते लिहितात त्या वहीचा, क्रमांक! साडेचार वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनाही सांगावंसं वाटलं नव्हतं. म्हणाले, "मला वाटलं तेहतीस वर्षांनंतर माझा शब्द पुरेल."

या डायरीचा पुरावा म्हणून उपयोग होतो का? स्वतःच लिहिलेली आहे ना.

---

मुलुंडचा निवृत्त कक्ष अधिकारी:

नुसत्या डायरीने आरोप खोडला जाणार नाही, पण क्रमांकाने दार उघडतं. नस्ती हरवली तरी हालचाल नोंदवही हे वेगळं रजिस्टर असतं आणि ते बहुधा दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात असतं. बाबांनी चौकशी अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा: अमुक वर्षाची नोंदवही, अमुक क्रमांक, बचावासाठी आवश्यक, अवलोकनासाठी उपलब्ध करावी. नाकारली तर कारण लेखी मागा. मूळ डायरी कोणालाही देऊ नका, दाखवा आणि परत घ्या.

नोंदवहीत टिप्पणी साहेबांकडे गेल्याची नोंद निघाली तर निष्काळजीपणाचा आरोपसुद्धा टिकणं अवघड आहे. पूर्ण निर्दोष सुटले तर नियम १२९-अ वाचा. प्रशासकीय कारणाने उशिरा मिळालेल्या उपदानावर व्याज मागता येतं. त्याचा अर्ज वेगळा करायचा, आपणहून कोणी देणार नाही.

आणि साहेबांबद्दल: चार वर्षांची मर्यादा पेन्शनवरच्या कारवाईची आहे. अपहाराच्या फौजदारी गुन्ह्याला ती आड येत नाही. पण ते पाऊल नोंदवही पाहिल्यानंतर आणि वकिलाला विचारूनच टाका. आधी बाबा मोकळे होऊ द्या.

---

कन्नमवारनगरची मुलगी:

आज सोमवार. बाबांनी दोन अर्ज स्वतःच्या हाताने लिहिले, टाइप करू दिले नाहीत. एक हालचाल नोंदवहीसाठी, दुसरा ८६,४०० ठेवून बाकीच्या रजेच्या पैशांसाठी. मी अर्धी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. साडेचार वर्षांत ते त्या इमारतीत फक्त चौकशीच्या तारखांना गेले होते, थेट चौकशीच्या खोलीत आणि तिथून थेट घरी. आज पहिल्यांदा आपल्या जुन्या शाखेत शिरले. एक शिपाई सोडला तर ओळखीचं कोणी नव्हतं. तो उठून उभा राहिला आणि "या भाऊसाहेब" म्हणाला. मे महिन्यात पाकीट घेऊन आला होता तोच.

टपालातल्या मुलीने दोन्ही प्रतींवर शिक्का मारला आणि आवक क्रमांक टाकला. बाबांनी तो तिथेच उभं राहून या वर्षीच्या डायरीत उतरवून घेतला. आस्थापना शाखेतले ते गृहस्थ बाहेर आले, म्हणाले, काय ठरलं मग त्या कागदाचं? बाबा म्हणाले, "नाही लिहिणार." त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

पुढची तारीख महिनाअखेरीला आहे. मुलुंडच्या काकांना विनंती, बचाव सहायक म्हणून तुमच्या माहितीत कोणी असेल तर कळवा. विक्रोळीहून जाऊन भेटू, कुठेही असले तरी.